झोपेचा हिशेब: लांब पल्ल्याची बिझनेस क्लास निवडताना

मुंबईहून लंडन, न्यूयॉर्क किंवा सिडनीसाठी बिझनेस क्लासचं तिकीट काढायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती कंपनीची. एमिरेट्स घ्यावी की कतार? सिंगापूर एअरलाइन्सचं एवढं कौतुक होतं ते खरं आहे का? टाटांकडे गेल्यापासून एअर इंडिया सुधारली का? पूर्वी हे प्रश्न ऑफिसच्या खर्चाने फिरणाऱ्या अधिकाऱ्यांपुरते होते. आता न्यू जर्सीत स्थिरावलेली मुलं सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांसाठी हे तिकीट काढतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली माणसं स्वतःच्या बचतीतून काढतात. जर्मनीतल्या प्रदर्शनाला निघालेले लहान उद्योजकही काढतात. इकॉनॉमीच्या काही पट पैसे मोजताना हातात नेमकं काय पडणार आहे, हे या सगळ्यांना आधी कळायला हवं.

माझं मत सुरुवातीलाच मांडतो. लांबच्या प्रवासात बिझनेस क्लासचे पैसे आपण मुख्यतः एकाच गोष्टीसाठी मोजतो, ती म्हणजे आडवं होऊन मिळणारी सलग झोप. लाउंजमधलं जेवण, मोठा स्क्रीन, नक्षीदार पाऊच हे सगळं छानच असतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा उपयोग नसतो. म्हणून विमान कोणतं, सीट कोणती आणि सलग झोपायला तास किती, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. कंपनीचं नाव त्यानंतर.

हा वर्ग आला कुठून

बिझनेस क्लास तशी अलीकडची. १९७० च्या दशकात इकॉनॉमीत सवलतीची तिकिटं वाढली. पूर्ण भाडं भरणारा व्यावसायिक आणि स्वस्तात निघालेला पर्यटक एकाच रांगेत बसू लागले. पूर्ण भाडं भरणारे कुरकुरू लागले, तेव्हा कंपन्यांनी त्यांना पडद्याआड वेगळं बसवायला सुरुवात केली. १९७८-७९ च्या सुमारास ब्रिटिश एअरवेज, पॅन ॲम, क्वांटास अशा कंपन्यांनी या वर्गाला नाव आणि रूप दिलं. तेव्हा मिळायची ती जरा रुंद खुर्ची आणि बरं जेवण.

खरा बदल २००० साली झाला. ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारा पलंग आणला. पुढे बाकीच्यांनाही तोच रस्ता धरावा लागला. २०१७ मध्ये कतार एअरवेजने दार असलेली ‘क्यूस्वीट’ आणली, आणि तेव्हापासून नव्या केबिनमध्ये सरकतं दार हळूहळू नेहमीचं होत चाललं आहे. ब्रिटिश एअरवेजची ‘क्लब स्वीट’ २०१९ मध्ये आली. एअर इंडियाने २०२४ साली सेवेत आणलेल्या एअरबस ए३५० मध्येही दार असलेल्या २८ स्वीट आहेत.

अडचण अशी की नवी केबिन एका दिवसात सगळ्या विमानांत बसत नाही. एकेक विमान सेवेतून काढून कार्यशाळेत पाठवावं लागतं आणि सगळा ताफा पूर्ण व्हायला वर्षं जातात. तोवर एकाच कंपनीत, एकाच मार्गावर, एकाच भाड्यात आज नवी केबिन आणि उद्या जुनी, असं चालू राहतं. जाहिरातीत दिसते ती नवी. आपल्या वाट्याला कोणती येईल हे जाहिरात सांगत नाही. आपण फ्लॅट घेताना इमारतीच्या नावावर न जाता कार्पेट एरिया विचारतो, तसंच इथे सीट मॅप उघडून पाहायला हवा.

सीट मॅप कसा वाचायचा

एका रांगेत सीट कशा मांडल्या आहेत, यावरून निम्मी गोष्ट कळते. १-२-१ अशी मांडणी असेल तर प्रत्येकाला थेट मार्गिकेत उतरता येतं. २-२-२ असेल तर खिडकीशी बसलेल्याला रात्री उठताना शेजाऱ्याला ओलांडावं लागतं. २-३-२ मध्ये मधली सीटही असते, म्हणजे दोन अनोळखी माणसांच्या मध्ये बसून अख्खी रात्र काढायची. मांडणी २-३-२ असेल आणि मधली सीटच उरली असेल, तर मी ते तिकीट घेऊ नये असंच सांगेन.

विमानाचा प्रकार तिकिटावर किंवा बुकिंगच्या पानावर छोट्या संकेतात लिहिलेला असतो. ‘३५९’ म्हणजे ए३५०-९००, ‘७८९’ म्हणजे बोइंग ७८७-९, ‘७७डब्ल्यू’ म्हणजे ७७७-३००ईआर, ‘३८८’ म्हणजे ए३८०. यातली ७८७ आणि ए३५० ही विमानं शरीराला जास्त मानवतात. त्यांच्या केबिनमधला हवेचा दाब साधारण ६,००० फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. जुन्या विमानांत तो ८,००० फुटांपर्यंतच्या उंचीइतका विरळ होऊ शकतो. ७८७ आणि ए३५० च्या हवेत ओलावाही जरा जास्त असतो. चौदा तासांनी उतरताना डोकं जड होणं आणि घसा कोरडा पडणं यात त्यामुळे फरक जाणवतो, वयस्कर माणसांना तर विशेष.

१-२-१ मध्येही सगळ्या सीट सारख्या नसतात. पलंग सपाट झाला की पाय पुढच्या सीटच्या खालच्या किंवा बाजूच्या खणात जातात. अनेक केबिनमध्ये हा खण अरुंद असतो. कुशीवर झोपणाऱ्याचे गुडघे बाजूला अडतात आणि पायाचा चवडा वरच्या फळीला टेकतो. पहिल्या रांगेत पुढे सीट नसून भिंत असते, म्हणून तिथे हा खण बहुधा मोठा मिळतो. उंच माणसाने ती रांग मागून घ्यावी. मात्र बाळाचा पाळणाही तिथल्याच भिंतीला लागतो आणि बऱ्याच विमानांत स्वयंपाकाची जागा किंवा स्वच्छतागृह शेजारीच असतं. भांड्यांचा आवाज आणि पडद्याच्या फटीतून येणारा उजेड यांनी झोप मोडते. केबिनच्या मधल्या रांगांतली खिडकीची सीट बहुतेकांसाठी सर्वांत शांत. जोडप्याने जायचं असेल तर मधली जोडसीट बरी, पण दोन सीट जवळजवळ आहेत की दोन टोकांना, हे नकाशात पाहून घ्यावं.

रात्रीचे तुकडे

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. समजा, मुंबईहून पहाटे चारला सुटणारं आखाताकडचं विमान आहे. घरून निघायचं रात्री बाराच्या आसपास. दोहापर्यंतचा प्रवास साधारण साडेतीन तासांचा. विमान वर चढेपर्यंत आणि जेवणाचे ट्रे फिरून उचलले जाईपर्यंत पाऊण-एक तास जातो. उतरण्याआधी अर्धा-पाऊण तास सीट सरळ करायला सांगतात. हाती उरतात जेमतेम दोन तास. मग दोहात उतरायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी, लाउंजमध्ये थांबणं आणि पुढचं चौदा तासांचं न्यूयॉर्कचं विमान. दुसऱ्या विमानातली सीट जगातल्या उत्तम सीटपैकी असेल, पण रात्र तोवर मोडलेली असते.

थेट विमानात सीट जरा जुनी असली तरी रात्र अखंड मिळते. मुंबई ते न्यूयॉर्क थेट प्रवास साधारण पंधरा-सोळा तासांचा असतो. जेवण वजा केलं तरी सात-आठ तासांची झोप शक्य होते.

लंडनचा हिशेब वेगळा आहे. मुंबई ते लंडन साधारण साडेनऊ-दहा तास. सकाळी किंवा दुपारी निघालेलं विमान घड्याळ मागे नेत त्याच दिवशी पोहोचवतं. म्हणजे जाताना बराचसा प्रवास जागेपणी होतो. येताना मात्र लंडनहून संध्याकाळी किंवा रात्री निघून भारतात सकाळी-दुपारी उतरायचं, आणि पूर्वेकडे येताना रात्र आखूड होते. पैसे मोजकेच असतील तर जाताना दिवसाचं विमान आणि प्रीमियम इकॉनॉमी, येताना रात्रीचं विमान आणि बिझनेस, असं तिकीट घेणं शहाणपणाचं. पलंगाचे पैसे ज्या रात्री झोपायचं त्या रात्रीसाठी द्यावेत.

कोणाकडे काय आहे

लंडनसाठी मुंबईहून सपाट पलंग देणारे थेट पर्याय तीन: एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक. ब्रिटिश एअरवेजची दार असलेली क्लब स्वीट १-२-१ आहे आणि ती मिळाली तर डोळे झाकून घ्यावी. पण कंपनीची जुनी क्लब वर्ल्ड केबिन अजून ताफ्यातून पूर्ण गेलेली नाही. तिथे निम्म्या सीट मागे तोंड करून असतात आणि खिडकीकडच्या प्रवाशाला झोपलेल्या शेजाऱ्याच्या पायांवरून जावं लागतं. शिवाय आधी सीट निवडायची तर ही कंपनी बिझनेस क्लासमध्येही बहुतेकांकडून वेगळे पैसे घेते. व्हर्जिनच्या ७८७ मध्ये सीट खिडकीकडे पाठ करून मार्गिकेकडे तिरक्या लावलेल्या असतात आणि पलंगासाठी सीटची पाठ उलटवावी लागते. पलंग चांगला आहे, बाहेर बघायची हौस असणाऱ्यांनी मात्र विचार करावा.

एअर इंडियाबद्दल सावधपणे आणि आपुलकीने लिहायला हवं. ८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, तेव्हापासून या कंपनीशी मुंबईकरांचं नातं आहे. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटांकडे परत आली, नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली. आज तिच्या ताफ्यात तीन वेगळी जगं आहेत. ए३५० उत्तम आहे. विस्ताराकडून आलेली ७८७-९ विमानं १-२-१ मांडणीची आणि नीटनेटकी आहेत. जुन्या ७८७-८ मध्ये मूळची मांडणी २-२-२, तर जुन्या ७७७-३००ईआर मध्ये २-३-२. जुन्या विमानांचं नूतनीकरण सुरू झालं आहे, म्हणून एखाद्याच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून आजचा निर्णय घेऊ नये, आणि एखाद्याच्या ए३५० मधल्या अनुभवावरून ७७७ चं तिकीटही काढू नये. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यापासून पश्चिमेकडच्या प्रवासाला जास्त वेळ लागू लागला. त्याची मोठी झळ दिल्लीहून निघणाऱ्यांना बसली, मुंबईकरांना कमी, कारण मुंबईची विमानं अरबी समुद्रावरूनच निघतात.

इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमची उड्डाणं भाड्याच्या ७८७ विमानांनी सुरू केली. त्यांतली पुढची ‘स्ट्रेच’ सीट मागे कलते, पलंग होत नाही. किमतीच्या मानाने ती चांगली असू शकते, पण तिची तुलना प्रीमियम इकॉनॉमीशी करावी.

आखाती कंपन्यांत कतारची क्यूस्वीट अजूनही मोजमापाची पट्टी आहे. ती बहुतेक ७७७ आणि ए३५० विमानांत असते, ७८७ मध्ये नसते. एमिरेट्सच्या ए३८० मध्ये वरच्या मजल्यावर १-२-१ सीट आणि मागे बार आहे, आणि ते विमान मुंबईलाही येतं. त्यांच्या जुन्या ७७७ मध्ये मात्र २-३-२ मांडणी होती. ती बदलून १-२-१ करण्याचं काम २०२४ पासून सुरू आहे. एतिहादचं मोठं बलस्थान वेगळंच आहे. २०१४ पासून अबुधाबी विमानतळावरच अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी होते. अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवासी जसा बाहेर पडतो तसं बाहेर पडायचं. इंग्रजीत उत्तरं द्यायला बिचकणाऱ्या, व्हीलचेअरवर बसलेल्या आजी-आजोबांना प्रवासाच्या अगदी शेवटी, थकलेल्या अवस्थेत तासभर रांगेत ताटकळावं लागत नाही, हे क्यूस्वीटच्या दारापेक्षा मोलाचं असू शकतं.

पूर्वेकडे, म्हणजे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपानसाठी, सिंगापूर एअरलाइन्स माझी पहिली पसंती. सीट रुंद, सेवा काटेकोर, आणि ‘बुक द कुक’ या सोयीतून जेवण आधी ठरवता येतं. फक्त ए३५० आणि ७७७ मधल्या त्यांच्या लांब पल्ल्याच्या सीटवर पाय कोपऱ्यात ठेवून तिरकं झोपावं लागतं. पाठदुखी असलेल्यांनी हे लक्षात घ्यावं.

भाड्याच्या पोटातलं भाडं

आता एकाच केबिनमध्ये तीन-चार प्रकारची भाडी असतात. सर्वांत स्वस्त भाड्यात तारीख बदलायला मोठा दंड असतो, रद्द केलं तर फारसं काही परत मिळत नाही, आणि काही कंपन्या सीट निवडण्याची किंवा लाउंजची सोयही काढून घेतात. एमिरेट्स दुबईत विमानतळावर न्यायला गाडी पाठवते हे प्रसिद्ध आहे, पण सर्वांत स्वस्त ‘स्पेशल’ भाड्यात ती धरलेली नसते. दोन कंपन्यांची तुलना करताना भाड्याचा प्रकार सारखा आहे ना, हे एजंटकडून लेखी घ्यावं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीवरचा जीएसटी ५ टक्के राहिला आणि त्यावरच्या वर्गांचा १२ वरून १८ टक्के झाला. व्यवसायासाठी प्रवास करणाऱ्यांनी तिकीट काढतानाच कंपनीचा जीएसटी क्रमांक टाकावा, नंतर दुरुस्ती करून घेणं त्रासाचं होतं.

क्रेडिट कार्डाचे पॉइंट साठले असतील तर ते खर्चायची सर्वांत चांगली जागा हीच. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाची सदस्य आहे, त्यामुळे तिथले माइल्स सिंगापूर, लुफ्तान्सा, युनायटेडवरही वापरता येतात. ब्रिटिश एअरवेज आणि कतार दोघांचं चलन ‘एव्हिऑस’. मात्र काही कंपन्या पॉइंटच्या तिकिटावरही भरमसाट अधिभार लावतात, तेव्हा एकूण रक्कम पाहूनच ठरवावं.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट जेवणाची. आपण ‘व्हेज’ म्हणून जे निवडतो, त्यातला ‘व्हीजीएमएल’ हा संकेत वीगन जेवणाचा असतो. त्यात दही, पनीर, तूप काहीच नसतं. भारतीय पद्धतीच्या शाकाहारी जेवणासाठी ‘एव्हीएमएल’ आणि जैन जेवणासाठी ‘व्हीजेएमएल’ मागावं. परतीच्या प्रवासासाठीही तोच संकेत नोंदला गेला आहे का, हे तपासावं, कारण परदेशातून सुटणाऱ्या विमानात आयत्या वेळी काही करता येत नाही.

काही बिघडलं तर

कंपनी निवडताना हा मुद्दा क्वचितच कुणी लक्षात घेतं. ब्रिटनच्या नियमानुसार ब्रिटनमधून सुटणाऱ्या कोणत्याही विमानाला, आणि ब्रिटनला येणाऱ्या ब्रिटिश वा युरोपीय कंपनीच्या विमानाला, लांब पल्ल्यावर ४ तासांहून अधिक उशीर झाला आणि कारण कंपनीच्या आवाक्यातलं असेल, तर प्रवाशाला ५२० पौंड भरपाई मिळते. म्हणजे मुंबई-लंडन प्रवासात ब्रिटिश एअरवेज किंवा व्हर्जिन घेतली तर दोन्ही बाजूंनी हे संरक्षण आहे. एअर इंडिया घेतली तर फक्त लंडनहून येताना.

बिझनेसचं तिकीट असून खालच्या वर्गात बसवलं, तर भारतीय नियमही भक्कम आहे. फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमाप्रमाणे, ३,५०० किलोमीटरहून लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात भारतीय कंपनीला तिकिटाच्या करांसह रकमेच्या ७५ टक्के परत द्यावे लागतात. विमानतळावर गोड बोलून एखादं व्हाउचर हातात ठेवलं, तर ते घेण्याआधी हा नियम सांगावा.

मधल्या थांब्याची जोखीमही धरावी. २३ जून २०२५ ला कतारने हवाई हद्द काही तास बंद केली आणि दोहामार्गे निघालेले हजारो प्रवासी अडकले. अशा वेळी सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची राहते. पुणे किंवा नागपूरहून मुंबईपर्यंत वेगळं तिकीट काढलं असेल आणि ते विमान उशिरा आलं, तर पुढच्या विमानाचं नुकसान आपलं. गोव्याच्या लोकांना मोपा विमानतळावरून कतारने थेट दोहा गाठता येतं, त्यामुळे मुंबईचा फेरा टळतो.

तर मग काय घ्यावं?

लंडनला कामासाठी जाणाऱ्याने १-२-१ मांडणीचं थेट विमान पाहावं, आणि खर्च मोजायचा असेल तर बिझनेस फक्त परतीच्या रात्री घ्यावी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एकट्याने निघालेल्या वृद्ध आई-वडिलांसाठी आधी थेट विमान, ते जमत नसेल तर अबुधाबीमार्गे एतिहाद. ज्यांना वाटेत विमान बदलणं जड जात नाही आणि जे कुठेही डोळा लावू शकतात, त्यांनी क्यूस्वीट किंवा एमिरेट्सचं ए३८० जरूर घ्यावं. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी सिंगापूर. आणि तिकीट हातात आल्यावरही निघण्याच्या आठवडाभर आधी सीट मॅप पुन्हा उघडावा. विमान बदललेलं दिसलं तर लगेच फोन करून चांगली सीट मागावी. बऱ्याचदा त्या वेळी ती मिळते, विमानतळावर गेल्यावर मिळत नाही.

हे पैसे बहुतेक घरांत सहज आलेले नसतात. म्हणून एजंटला ‘चांगली एअरलाइन कोणती?’ असं विचारू नका. ‘विमान कोणतं, मांडणी कोणती, आणि रात्री सलग झोपायला किती तास?’ असं विचारा. या तिन्हींचं उत्तर मिळेपर्यंत पैसे भरू नका.